रांगोळी आहे, म्हणजे बरी आहे

न्हाणीघरात पाय घसरून मी आडवी झाले तेव्हा तोंडातून आधी निघालं "आई गं!" आणि त्याच्या पाठोपाठ "मेली ती रांगोळी!" आता पडलेल्या बाईनं रांगोळीला शिव्या का द्याव्यात, हे कळायला थोडं मागं जावं लागेल. घाबरू नका, जन्मभर शाळेत गणित शिकवलंय मी. मधली पायरी गाळून उत्तर लिहिणाऱ्याचे मार्क मी स्वतः कापलेत.

मी विद्युलता. मूळची कराडची. लग्न होऊन इथं आले तेव्हा या गावाला मद्रासच म्हणायचे. आमचे हे, विद्याधर, इथल्याच आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात होते. आधी ते रिटायर झाले, मग मी झाले, मग ते गेलेच. अंबत्तूरच्या या फ्लॅटात दुसऱ्या मजल्यावर मी एकटी. मुलगा क्षितिज पेरुंगुडीला, नोकरीच्या जवळ. म्हणायला एकच गाव, पण रस्त्यावरची गर्दी बघितली तर कराडहून सातारा जवळ. रविवारी रात्री आठला त्याचा फोन येतो. "आई, बरी आहेस ना?" मी म्हणते, बरी आहे. तो म्हणतो, काळजी घे. घरात कॅमेरा बसवतो म्हणाला होता एकदा. मी म्हटलं, मी काय टी. नगरचं सोन्याचं दुकान आहे का रे, कॅमेरा लावायला? तो हसला आणि विषय संपला. तसा गुणी आहे, पण लगेच ऐकतो.

समोरच्या दारात अन्नपूर्णाबाई. ऐंशीच्या पुढच्या. या तंजावरच्या मराठी. पूर्वज कधी तरी तिथल्या मराठी राजांबरोबर आले आणि आपली भाषा बरणीत घालून तशीच मुरवत बसले. "सगळं" म्हणायचं तर त्या "अस्के" म्हणतात, "पाहिजे" म्हणायचं तर "होणें", आणि दर चार शब्दांनंतर एक तमिळ. सुरुवातीला मला त्यांचं निम्मं कळायचं नाही आणि त्यांना माझं निम्मं उद्धट वाटायचं. यजमान दत्ताजी बँकेत होते, ते जाऊन जमाना झाला. मुलगी श्रीरंजनी ऑस्ट्रेलियात. म्हणजे दोघींचं गणित सारखंच. संध्याकाळी जिन्याजवळ दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून आम्ही कॉफी प्यायचो. त्या माझ्या कॉफीला नावं ठेवायच्या, मी त्यांच्या पंचांगाला.

तर रांगोळी. मागच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ घरातच वारले आणि शेजाऱ्यांना कळलं ते वासानं. त्या दिवशी कॉफी कुणाला गेली नाही. तेव्हा मी नियम केला. मीच केला, नियम करायची हौस मलाच. अन्नपूर्णाबाई भल्या पहाटे तांदळाच्या पिठानं दारात कोलम काढतात, इथं सगळ्याच काढतात. मी सातच्या आत माझी ठिपक्यांची रांगोळी काढते. म्हटलं, ठरवून टाकू. सात वाजले आणि समोरच्या दारात काही काढलेलं नसलं, की काही तरी बिघडलंय असं समजायचं, जवळच्या किल्लीनं दार उघडायचं आणि सरळ आत शिरायचं. एकमेकींना एकेक किल्ली दिली. रात्रीची कडी सकाळी काढून ठेवायची, नुसतं लॅच ठेवायचं, म्हणजे बाहेरून किल्ली चालते. अगदी चोख. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "तुझं डोकं म्हणजे डोकं गं विद्युलता!" आणि मी फुगले.

आता बघा काय झालं. त्या रविवारी मी उठले, कडी काढली, दारात छान अकरा ठिपक्यांची रांगोळी काढली, दूध आत घेतलं, आणि मग आंघोळीला गेले. आणि मग पडले. म्हणजे दारात रांगोळी टवटवीत, आणि मी आत फरशीवर, गाऊन अंगात, डावा पाय कुठल्या तरी भलत्याच दिशेला, आणि जरा हललं की कमरेतून अशी कळ निघायची की डोळ्यांपुढं काजवे. फोन बाहेर, जेवणाच्या टेबलावर.

नियम काय म्हणत होता? रांगोळी नसेल तर संकट. बरोबर. पण रांगोळी असेल तर काय? काही नाही! काहीच सिद्ध होत नाही. हे मी दरवर्षी नववीच्या पोरांना घसा फोडून सांगायची. पाऊस पडला तर रस्ता ओला होतो, कबूल. मग रस्ता ओला दिसला म्हणजे पाऊस पडला का रे? पोरं एका सुरात म्हणायची, हो मिस! मी म्हणायची, गाढवांनो, हे मद्रास आहे, पाण्याचा टँकर गळत गेला नसेल कशावरून? पोरं हसायची, आणि परीक्षेत पुन्हा तेच लिहायची. आणि मी? रोज सकाळी अन्नपूर्णाबाईंच्या दारातला कोलम बघायची आणि मनात म्हणायची, चला, म्हातारी बरी आहे. तो कोलम काढून झाल्यावर बाई आत जाऊन काय करतेय हे मला कुठं माहीत होतं! लोकां सांगे ब्रह्मज्ञान. नियमाला एवढं मोठं भोक होतं आणि ते मला दिसलं कधी, तर स्वतः त्यातून खाली पडल्यावर.

शिवाय दुसरी गोष्ट. गुरुवारपासून आम्ही बोलत नव्हतो.

भांडण झालं पालीवरून. हसू नका. अन्नपूर्णाबाईंच्या मनात एक काटा होता. दत्ताजी कुंभकोणमला कुणाच्या लग्नाला निघाले, दारात चप्पल घालतायत तोच भिंतीवरची पाल बोलली. बाईंनी ऐकली. थांबा म्हणावं असं वाटलं, पण बस चुकेल म्हणून ते ओरडतील, म्हणून त्या गप्प बसल्या. बसमध्येच त्यांना झटका आला. ते परत आले नाहीत. तेव्हापासून ही बाई मनाशी म्हणते आहे, मी ऐकूनही त्यांना जाऊ दिलं.

गुरुवारी संध्याकाळी पुन्हा तोच विषय निघाला, पुन्हा डोळे भरले. मला बघवेना. मला वाटलं, आज हा काटा काढूनच टाकू. खरंच सांगते, त्यांचं दुःख कमी व्हावं एवढंच होतं माझ्या मनात. मी आतून रांगोळीचा डबा आणला आणि जिन्याजवळच्या फरशीवर चार चौकोन आखले. म्हटलं, हे बघा. या चौकोनात पाल बोलली आणि माणूस गेला ते दिवस. यात पाल बोलली आणि कुणी गेलं नाही ते. यात बोलली नाही तरी ओळखीचं कुणी गेलं, यात दोन्ही नाही. आता भरा. पाल काय, तुमच्या घरात दिवसाआड बोलते! भराभरा मी ठिपके टाकत गेले. तीन चौकोन ठिपक्यांनी भरून गेले. पहिल्यात एकच ठिपका. मी त्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "बघा! एवढंच! कशाचा कशाशी संबंध नाही. तुम्ही उगाच जिवाला खाताय."

अन्नपूर्णाबाई त्या एका ठिपक्याकडे बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "हे आमचे ते अहेत?"

मी म्हटलं, "अहो, म्हणजे तो दिवस..."

"पाल बोलली म्हणजे देवानं मला हाक मारली होती. मी ऐकली नाही, माझं पाप. तू म्हणतेस, कोणी हाकच मारली नाही. मग त्या वेळेला मी एकटीच होत्ये की गं." पदराच्या टोकानं त्यांनी तो ठिपका पुसला, फक्त तेवढा एक. "तुझं अस्के बरोबर असेल. मला तुझं बरोबर नक्को." आणि आत गेल्या. दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, मी पण आपटलं असतं माझं.

आता यात माझं काय चुकलं? तेव्हा मला हेच कळेना. चांगलं करायला जावं तर ही तऱ्हा. मलाही राग आला. आमच्या घराण्यातच आहे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. शुक्रवारपासून मी त्यांच्या दाराकडे पाठ करून माझी रांगोळी काढायला लागले. जिना उतरताना मान ताठ, नजर समोर. त्यांच्या टीव्हीवरची सकाळची भजनंही ऐकू येईनाशी झाली होती. मी म्हटलं, बघा, माझ्यावरच्या रागानं देवाचाही आवाज बारीक केला बाईनं! करू दे. मला काय त्याचं.

तर अशी मी, न्हाणीघरात पडलेली, आणि जिच्याकडे किल्ली ती माझ्याशी अबोला धरलेली, आणि दारात रांगोळी.

पहिल्यांदा मी हाका मारल्या. पण बरगडीलाही मार लागला असावा. श्वास घेतला की सुई टोचल्यासारखं व्हायचं, आणि आवाज निघायचा तो मांजराच्या पिल्लाचा. रविवारची सकाळ, घरोघरी टीव्ही, मिक्सर, कुकर. न्हाणीघराची खिडकी तर मधल्या बोळात उघडते, तिथं नुसते पाईप. माझी हाक त्या पाईपांनीच ऐकली.

मग मी डोकं चालवलं. हाताशी पाय घासायची वजरी होती. ती घेऊन मी भिंत वाजवायला लागले. नुसतं ठोकत सुटले तर लोकांना वाटेल कुणी तरी खिळा ठोकतंय. म्हणून मी मोजून ठोके द्यायचं ठरवलं. दोन. मग थांबायचं. तीन. थांबायचं. पाच. सात. अकरा. मूळ संख्या हो! निसर्गात आपोआप असा आवाज होत नाही. कुठल्याही विचारी प्राण्याला कळेल की यामागं कुणाचं तरी डोकं आहे. मला तर मी पडले होते त्या अवस्थेतही स्वतःचं कौतुक वाटलं. पडले तरी नाक वर, दुसरं काय.

माझ्या खाली वेंकट राहतो. कंप्युटरमधला मुलगा, बत्तीस-तेहतीसचा, बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. तो विचारी प्राणी असेल असं मी गृहीत धरलं. त्यानं काय केलं हे मला नंतर कळलं. मी तेराचे ठोके देत होते तेव्हा बाहेर टेबलावर माझा फोन टुणकन वाजला. कुणी तरी आपली आठवण काढली म्हणून माझा जीव केवढा हरखला! तो वेंकटचा मेसेज होता, आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर. रविवारी कृपया कुणी फरशीचं काम काढू नये, लोकांना झोप असते. त्याला सात जणांनी होकाराचे अंगठे टाकले. त्यात त्याची काय चूक? रविवारी सकाळी भिंत वाजतेय, म्हणजे कुणी तरी काम काढलंय, हेच कुणालाही वाटणार. सत्तरीची म्हातारी मूळ संख्या बडवत असेल असं कोण मनात आणील? मी सतरापर्यंत पोचले आणि हात गळाला. वजरी सुटून मोरीत गेली. मग ठोकायलाही काही राहिलं नाही.

मग मी नुसती पडून हिशेब करत बसले, कोण येईल. दूधवाला? उद्या पहाटे, आणि तो पिशवी दारावर अडकवून जातो, तोंड बघत नाही. कामवाली मी ठेवलेली नाही, माझं काम कुणाचं मला पटत नाही. क्षितिजचा फोन आठला. मी उचलला नाही तर त्याला काय वाटेल? आई देवळात गेली असेल. आई रुसली असेल, मागच्या महिन्यात आलो नाही म्हणून. तो काही लगेच गाडी काढून येणार नाही. उद्या पुन्हा फोन करील, तेही दुपारी. आणि उद्या सकाळी, सात वाजता, माझ्या दारात रांगोळी नसेल. अं, पण कालची असेल की! जिना झाडणारी बाई सोमवारी येत नाही. आजची रांगोळी उद्याही तिथं असणार, थोडी विस्कटलेली. रागावलेल्या बाईला ती ताजी की शिळी हे काय वाकून बघायची गरज?

तेव्हा मात्र मला खरी भीती वाटली. तोपर्यंत मी चिडलेली होते, आणि चिडलं की मला बरं असतं. आता चीड गेली आणि नुसती फरशी राहिली, गार. ह्यांची आठवण आली. हे असते तर आंघोळीला इतका वेळ का म्हणून दार बडवलं असतं आणि मी आतून ओरडले असते, आंघोळ पण करू देऊ नका एका बाईला! आता दार बडवणारं कुणी नाही. सबंध शहरात एवढी माणसं, आणि या घटकेला विद्युलता कुठं आहे हा प्रश्न एकाच्याही डोक्यात नाही. मी रडले. मोठ्यानं रडायला बरगडी देत नव्हती, म्हणून बारीक रडले.

दहाच्या सुमाराला टाकी भरून वाहायला लागली. ही आमच्या बिल्डिंगची रोजची कथा. वॉचमन मोटार चालू करतो आणि चहाला जातो, गच्चीवरची टाकी भरते, आणि पाणी धो धो करत मधल्या बोळात पडतं. उन्हाळ्यात, मेट्रो वॉटरचा टँकर बोलावून विकत घेतलेलं पाणी! माझा असा संताप होतो की विचारू नका. मी रोज स्वयंपाकघराच्या गॅलरीत जाऊन ओरडते, "मोटार! मोटार ऑफ पण्णुंगो! पाणी काय तुमच्या बापाचं आहे?" निम्मं तमिळ, निम्मं कराडचं. बिल्डिंगला पाठ आहे. पोरं माझी नक्कल करतात ते मला माहीत आहे. मीटिंगमध्ये एकदा कुणी तरी म्हणालंही होतं, मॅडमना जरा हळू बोलायला सांगा.

त्या दिवशी ते पाणी माझ्या डोक्याशी, खिडकीच्या पलीकडे पडत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं. पडलंय किती वेळ! वाटलं, जाऊ दे, सगळं वाहून जाऊ दे. आता कुणी हाक मारली तरी या आवाजात ऐकू जायची नाही. शेवटी कुणी तरी मोटार बंद केली. मग खूपच शांत झालं.

त्यानंतर मला मधूनमधून ग्लानी यायला लागली असावी. घशाला कोरड पडली होती आणि नळ हातभर उंचावर. उन्हाचा पट्टा खिडकीतून उतरून बादलीवर आला, बादलीवरून फरशीवर. आणि मग मला किल्लीचा आवाज आला.

खरंच आला. भास वाटला आधी. किल्ली कुलपात शिरत नव्हती, चाचपडत होती, खाली पडली, पुन्हा लागली. दार उघडलं. पावलं इतकी सावकाश की मला वाटलं, अजून कोण म्हातारं धडपडतंय.

"विद्युलता?"

"इथं! अन्नपूर्णाबाई, इथं! न्हाणीघरात!"

त्या दारात आल्या. चौकटीला धरून उभ्या राहिल्या. एप्रिलचं ऊन, अंबत्तूरची दुपार, आणि बाईंच्या अंगावर लोकरीची शाल, कानाला मफलर. पण मी तेव्हा ते काही पाहिलं नाही. मला नुसता हुंदका फुटला आणि त्या हुंदक्यातही मी विचारलं काय, तर "दारात रांगोळी होती ना? मग कळलं कसं तुम्हाला?"

"पाणी सांडलं अस्के," त्या म्हणाल्या. "तू ओरडली नाहीस."

"अहो, ते दहा वाजता सांडलं! आता किती वाजले?"

भिंतीला धरून धरून त्या माझ्याजवळ खाली बसल्या. ओल्या फरशीवर, तशाच. दम लागला होता त्यांना.

"खरं सांगू?" मग म्हणाल्या. "पहिलं मला बरं वाटलं. आज किती निवांत अहे, म्हटलं. खालच्या वेंकटलाही बरं वाटलं असेल, वॉचमनलाही. अस्क्यांना वाटलं असेल, टीचर आज मुलाकडे गेली."

हे ऐकून मला जे झालं ते कमरेच्या कळीपेक्षा वाईट होतं. मी आत मरत होते आणि बिल्डिंगला बरं वाटत होतं. पण त्यांच्या तोंडावर तेही बोलता येईना, कारण त्या खरं बोलत होत्या आणि आलेल्या त्या एकट्याच होत्या.

"मग?" मी विचारलं.

"मग म्हटलं, रांगोळी अहे, म्हणजे बरी अहे. माझ्यावर रागावलीस म्हणून गप्प. पडून पडून त्याचाच विचार केला. मग कळालं, ही रागावली की गप्प बसत नाही. ज्यास्ती ओरडते. मग उठले."

मला त्या रडण्यातही हसू आलं, आणि हसले तशी बरगडीतून कळ आली. काय सुरेख सिद्धता होती! एक पायरी गाळलेली नाही. नववीच्या एकाही पोरानं मला कधी अशी दिली नाही. हे त्यांना सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी काय म्हणाले असेन? "विचार करायला इतका वेळ? मला वाटलं आज मी इथंच संपणार. समोरासमोर दार, चार पावलांचं अंतर, ते चालायला तुम्हाला दुपार झाली?"

त्यांनी घाम पुसायला माझ्या कपाळावर हात ठेवला. तो हात इतका गरम होता की मी दचकले. तेव्हा मला शाल दिसली, मफलर दिसला, सुकलेले ओठ दिसले, डोळ्यांखालचं काळं दिसलं.

"अहो, तुम्हाला ताप आहे! केवढा चटका बसतोय!"

"शुक्रवारपासून अहे."

"शुक्रवारपासून? आणि एकट्या पडून होतात? काही खाल्लंत? औषध?" माझा आवाज कुठून आला कोण जाणे, पण आला, रोजचा, खणखणीत. "कमाल आहे तुमची! समोर राहते मी! भांडण असेल, म्हणून काय झालं? मला सांगायचं नाही?"

अन्नपूर्णाबाईंनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत. नुसत्या दमल्या होत्या.

"सांगट्लं की," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी दारात कोलम नाही, काल नाही, आज नाही. मी पडून तुझ्या किल्लीच्या आवाजाची वाट बघत होत्ये."